आधी वारा, मग सूर : संगीत नाटकाचा जुना ऑर्गन तपासणं, दुरुस्त करणं आणि जपणं

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात जुन्या वाड्याच्या माडीवर, देवळाच्या कोठीत, नाही तर नाट्यमंडळाच्या सामानाच्या खोलीत आजही एखादा ऑर्गन धूळ खात उभा असतो. चौकशी केली की उत्तर ठरलेलं : "सूर गेलेत त्याचे, आता वाजायचा नाही." बहुतेक वेळा सूर जागच्या जागी शाबूत असतात, भात्यात वारा टिकत नसतो. पितळी रीड, म्हणजे वाऱ्याने थरथरून सूर देणारी पातळ पट्टी, शंभर वर्षं सहज काढते. कापड, कातडी आणि सरस यांचं आयुष्य त्या मानाने फार थोडं. म्हणून कामाचा क्रम पक्का ठेवा : पहिल्यांदा वारा, मग बोटांनी दाबायच्या पट्ट्या, आणि रीडला हात सगळ्यात शेवटी. ज्यांनी सुरुवातच कानस घेऊन केली, त्यांच्या हातून चांगली चांगली वाद्यं कायमची बिघडली आहेत.

हे वाद्य नेमकं कोणतं

युरोप-अमेरिकेत थिएटर ऑर्गन म्हटलं की मूकपटांच्या काळातला, वुर्लिट्झरसारख्या कंपन्यांनी बनवलेला, भिंतीआड शेकडो नळ्या आणि विजेचा पंखा असलेला अवाढव्य ऑर्गन डोळ्यांसमोर येतो. मराठी रंगभूमीचा ऑर्गन त्याचा दूरचा नातेवाईक. यात नळ्या नाहीत. पितळी रीड आहेत आणि वारा पायाने भरायचा आहे, म्हणून जुनी माणसं त्याला पायपेटी म्हणतात.

पायपेटीत दोन जाती आहेत आणि दुरुस्तीपूर्वी आपली कोणती हे कळलंच पाहिजे. पॅरिसच्या अलेक्झांडर दबें यांनी १८४२ मध्ये हार्मोनियमचं पेटंट घेतलं. त्यात भाता वारा रीडवर ढकलतो. द्वारकानाथ घोष यांच्या कोलकात्यातल्या द्वारकिन कंपनीने पुढे जी हातपेटी घडवली, तीही याच जातीची. अमेरिकेत मात्र उलट रचना रुजली. व्हरमाँटमधल्या ब्रॅटलबरोची एस्टी, बॉस्टनची मेसन अँड हॅम्लिन अशा कंपन्यांच्या ऑर्गनमध्ये भाता वारा आत ओढतो. बाहेरची हवा रीडमधून आत शिरते, म्हणून आवाज गोल आणि मऊ येतो. ओळखायची रीत सोपी आहे. मागची फळी काढा आणि पेडल मारा. मोठा भाता फुगत गेला तर हार्मोनियमची जात, मिटत गेला तर ऑर्गनची. पुढचं सगळं विवेचन या दुसऱ्या जातीचं आहे.

आपल्या भागाचा या वाद्याशी संबंध जवळचा आहे. 'संगीत शाकुंतल' पुण्यात रंगमंचावर आलं ते ३१ ऑक्टोबर १८८० रोजी, आणि ते आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. पुढे गंधर्व नाटक मंडळीत ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे, सारंगीवर कादरबक्ष आणि तबल्यावर थिरकवाँ अशी साथ बसू लागली, तेव्हा ऑर्गन म्हणजे नाटकाचा श्वासच झाला. ध्वनिक्षेपक नसताना शेवटच्या रांगेपर्यंत सुराची आस पोचवायची, दोन्ही हात मोकळे ठेवून गायकाच्या मागे भरणा द्यायचा, हे काम हातपेटीला झेपणारं नव्हतं. कानडी कंपनी नाटकांतही पायपेटी होतीच. कलावैभव नाट्य संघ ही कानडी नाटक कंपनी चालवणारे बाळप्पा (१९१४–२०१८) याच जिल्ह्यातल्या, सौंदत्ती तालुक्यातल्या एणगीचे. त्यामुळे हाती आलेला ऑर्गन मराठी मंडळीकडून आला की कानडी, की बेळगावच्या कॅम्पातल्या एखाद्या चर्चमधून, हे आधी ठरवून टाकू नका. आतल्या खुणा वाचा.

खुणा म्हणजे काय? रीडबोर्डच्या, म्हणजे रीड बसवलेल्या फळीच्या, कडेला, पट्टीच्या लाकडावर, भात्याच्या आतल्या बाजूला शिसपेन्सिलीने लिहिलेले आकडे, कारागिराची सही, दुरुस्तीचं साल. बाहेरून दिसतही नाहीत. त्या पुसू नका, घासू नका, पॉलिश त्यांच्यावर येऊ देऊ नका. मागच्या फळीवरचा किंवा आतला अनुक्रमांक लिहून घ्या. मोठ्या कंपन्यांच्या ऑर्गनचं साल त्यावरून काढता येतं.

उघडण्याआधी

फोटो काढा, सगळ्या बाजूंनी. तळाशी उंदराच्या लेंड्या, बारीक लाकडी भुसा, वाळवीची माती आहे का बघा. वाळवी जिवंत असेल तर बाकी सगळं थांबवून आधी तिचा बंदोबस्त.

आता वाऱ्याची परीक्षा. सगळे स्टॉप, म्हणजे रीडच्या ओळी चालू-बंद करायच्या ओढखुंट्या, आत ढकला. पेडल सावकाश मारून मोठा भाता पूर्ण मिटवा, पाय काढा आणि घड्याळ लावा. भाता पुन्हा उघडायला मिनिटभर लागलं तर वारा उत्तम. वीस-तीस सेकंद लागले तरी वाजवता येईल, पण पाय दुखतील. पाच-दहा सेकंदांत उघडला तर कापड नाही तर झडपा गेल्या. भाता मिटतच नसेल तर पेडलचा पट्टा तुटलेला असतो. ही तर अर्ध्या तासाची दुरुस्ती. खाटेच्या नवारीसारखी घट्ट विणीची सुती पट्टी जुन्या पट्ट्याच्याच लांबीची कापून लावा. नायलॉनची नको, ती ताणते आणि रुळावर घसरते.

गळती शोधायला उदबत्तीइतकं चांगलं साधन नाही. एकाने पेडल मारायचं, दुसऱ्याने भात्याच्या कडेकडेने, घडीघडीवर उदबत्ती फिरवायची. जिथे धूर आत खेचला जातो तिथे भोक. निखारा कापडापासून चार बोटं लांब ठेवा, जुनं रबरी कापड पटकन पेटतं.

वाऱ्याचा जोर मोजायचा असेल तर मीटरभर पारदर्शक नळी फळीवर इंग्रजी यू आकारात बसवा आणि निम्मी रंगीत पाण्याने भरा. मधली एक रीड काढा, तिच्या खोबणीत नळीचं तोंड मऊ मातीने घट्ट बसवा, त्या ओळीचा स्टॉप ओढून ती पट्टी दाबा आणि पेडल मारा. दोन्ही बाजूंच्या पाण्यात साधारण तीन इंचांचा, म्हणजे ७५ मिलिमीटरचा फरक पडायला हवा. दोनच्या खाली असेल तर गळती किंवा थकलेल्या स्प्रिंगा. चारच्या बराच वर गेला तर भात्यातली सुटकेची झडप अडकली आहे. भाता पुरता मिटला की ही झडप आपोआप उघडायची असते, नाही तर जोराने पेडल मारणाऱ्याच्या पायाखाली रीड ताणल्या जातात.

याच कारणासाठी घरातला व्हॅक्यूम क्लीनर ऑर्गनला जोडायची कल्पना डोक्यातून काढून टाका. त्याची ओढ ऑर्गनच्या ओढीच्या वीस पटींहून अधिक असते.

भाता

फेब्रुवारी ते एप्रिल हे दिवस धरा. पावसाळ्यात सरस वाळत नाही आणि फुगलेल्या लाकडावर घेतलेली मापं उन्हाळ्यात चुकतात.

मागची फळी, खालची पुढची फळी, स्टॉपची पाटी, मग पट्ट्यांचा संच, या क्रमाने सुटं करा. एका जागचे स्क्रू एका डबीत, डबीवर चिठ्ठी. जुने स्क्रू सगळे सारख्या लांबीचे नसतात. लांब स्क्रू आखूड जागी गेला की रीडबोर्ड चिरतो. मोठ्या भात्याच्या आत किंवा शेजारी जाड पोलादी स्प्रिंगा असतात. त्या सुट्या करण्याआधी दोरीने आवळून बांधा. मोकळी सुटलेली स्प्रिंग बोट मोडू शकते.

जुनं कापड ओरबाडून काढू नका. ओलं फडकं ठेवून वरून कोमट इस्त्री फिरवा, सरस सुटतो आणि कापड अखंड निघून येतं. तेच नव्याचं माप. कापड रबर बसवलेलं सुती हवं. छत्रीचं कापड किंवा रेक्झिन चालत नाही. एक सहज घडी पडेल इतकं जाड, दुसरं वारा धरेल इतकं दाट, अशी दोन्ही लक्षणं त्यात लागतात. समजा मोठ्या भात्याची फळी ३६ बाय १८ इंचांची आहे. तिचा परीघ झाला १०८ इंच, म्हणजे पावणेतीन मीटर. त्यामुळे तीन मीटर लांबीचं कापड घेतलंत तर एकाच जोडात काम होतं, आणि तो जोड बिजागरीच्या बाजूला टाका, कारण तिथे कापड सगळ्यात कमी हलतं. पेडलचे दोन लहान भाते उरलेल्या रुंदीतून निघतात. कापण्याआधी वर्तमानपत्राचा नमुना काढून भाता उघड-मिट करून बघाच.

आतल्या पुठ्ठ्याच्या किंवा पातळ लाकडाच्या फासळ्या फेकू नका. ओढीच्या भात्यात कापड आत खेचलं जातं, फासळी नसेल तर ते फळ्यांच्या मध्ये चिमटतं आणि वर्षभरात घडीवर फाटतं.

चिकटवायला सरसच वापरा. दाणेदार सरस वजनाच्या दुप्पट थंड पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी गरम पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून ६० ते ६५ अंशांपर्यंत तापवा. उकळी आली की त्याची पकड जाते. दोन दिवसांपेक्षा जुना झाला, वास आला, की टाकून द्या. फेव्हिकॉलने काम लवकर होतं हे खरं, पण पन्नास वर्षांनी जो कुणी हा भाता उघडेल त्याला तो सुटणार नाही. त्याला लाकूड तासावं लागेल. गरम पाण्याने सुटतो हाच सरसाचा मोठा गुण आहे. सिलिकॉन तर मुळीच नको, ते लागलेल्या लाकडावर पुढे काहीही चिकटत नाही.

झडपा कापडाइतक्याच महत्त्वाच्या आणि नेमक्या त्याच विसरल्या जातात. लहान भात्याच्या आत आणि बाहेर भोकांवर कातडीच्या पट्ट्या असतात. त्यांच्या कडा वळल्या की नवं कापड घालूनही भाता धरत नाही. इथे मऊ मेंढीची कातडी लागते, मऊ बाजू लाकडाकडे. निपाणी-अथणीकडची कोल्हापुरी चपलेची कातडी हाताशी असते खरी, पण ती जाड आणि ताठ, या कामाची नाही. पट्टी दोन्ही टोकांना लहान खिळ्यांनी बांधा आणि मध्ये किंचित सैल सोडा. भोकाला तोंड लावून ओढून बघा : एका दिशेने अडली आणि दुसऱ्या दिशेने सहज सुटली तर झडप बरोबर.

पट्ट्या आणि अडकणारे सूर

पावसात एखादा सूर वाजतच राहतो, हात काढला तरी थांबत नाही. याचं कारण बहुतेक वेळा पट्टी आणि झडप यांच्यामधली लाकडी काडी. ती भोकात फुगते. घाईने घासून बारीक केलीत तर मार्चमध्ये ती खुळखुळ वाजेल. काडी काढा, शिसपेन्सिलीची पूड चोळा, परत घाला. तेल कधीच नको. ते लाकडात मुरतं, धूळ धरतं आणि पुढच्या पावसाळ्यात चिखल होतो. काडी मोकळी असूनही सूर थांबत नसेल तर झडपेखाली कचरा आहे किंवा तिची स्प्रिंग मऊ पडली आहे.

आपल्याच जिल्ह्यात हवेचा केवढा फरक आहे हे इथे लक्षात घ्या. मलप्रभेच्या उगमाचं कणकुंबी घाटमाथ्यावरचं, तिथे चार महिने भिंतीला पाझर. अथणी त्या मानाने कोरडी. अथणीत नीट चालणारा ऑर्गन जुलैत खानापूरला नेला तर पंधरा दिवसांत पट्ट्या अडकू लागतात. तो बिघाड नव्हे. हवा बदलली की तो आपोआप सुटतो, म्हणून कानस हातात घ्यायच्या आधी डिसेंबरपर्यंत थांबा.

पट्ट्यांखालचं लोकरी फेल्ट कसर खाते. नवं घालताना जाडी जुन्याइतकीच ठेवा. अर्ध्या मिलिमीटरने जाड झालं तरी पट्टीची चाल कमी होते आणि झडप पुरती उघडत नाही. पांढऱ्या पट्ट्यांवर सेल्युलॉइड असेल तर स्पिरिट किंवा अॅसिटोन लावू नका, तो विरघळतो. नुसतं घट्ट पिळलेलं ओलं फडकं पुरे. हस्तिदंत असेल तर एकाच पट्टीवर दोन तुकड्यांचा जोड आणि बारीक रेषा दिसतात. त्याचे सुटे तुकडे विकत घ्यायला किंवा विकायला जाऊ नका, वन्यजीव संरक्षण कायद्याने हा व्यापार बंद आहे. पडलेला तुकडा जपून ठेवा आणि परत तोच चिकटवा.

रीड

पाच सप्तकांच्या ऑर्गनला ६१ पट्ट्या. रीडच्या दोन पुऱ्या ओळी असतील तर १२२ रीड. एवढ्या रीड बाहेर काढायच्या तर फळीवर तितक्या खाचा आधी आखून घ्या. क्रम चुकला तर परत लावताना दिवस जातो. रीड खोबणीत सरकवलेली असते. तिच्या डोक्याला बारीक खाच असते, त्यात हूक अडकवून सरळ मागे ओढायची. पातळ पोलादी पट्टीचं टोक वाकवून हा हूक घरी करता येतो. पक्कड लावू नका, चौकट वाकली की रीड परत वारा धरत नाही.

रीडकडे जवळून पाहा. पितळी चौकट, तिच्यात एका टोकाला रिव्हेट केलेली जीभ. चांगल्या अमेरिकन रीडची जीभ टोकाशी किंचित वळलेली, पीळ दिल्यासारखी दिसते. हा पीळ कारखान्यात मुद्दाम दिलेला आहे, आवाजाचा गोडवा त्यातूनच येतो. "वाकडी झाली" म्हणून ती सरळ करू नका.

सूर मुका असेल तर शंभरातल्या नव्वद वेळा जिभेखाली धुळीचा कण असतो. मऊ ब्रशने रिव्हेटकडून टोकाकडे झाडा. उलट झाडलं तर ब्रशचा केस जिभेत अडकून ती वर उचलली जाते. जिभेखालून पातळ कागद एकदा सरकवा. पितळ म्हणून चिंच, लिंबू किंवा पितांबरी लावू नका. भांडं लखलखतं, पण रीडवरचा धातू झिजतो आणि सूर सरकतो. हिरवा गंज असेल तर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्रश, बस्स. घरघर येत असेल तर जीभ चौकटीच्या कडेला लागते आहे. उजेडासमोर धरली की दोन्ही बाजूंची फट असमान दिसते.

तुटलेल्या रीडला पर्याय म्हणजे त्याच कंपनीच्या मोडक्या ऑर्गनमधली रीड. गुजरातेत पालिताण्याला पेटीच्या रीड बनतात, पण त्या बोर्डावर स्क्रूने बसवायच्या असतात, ऑर्गनच्या खोबणीत तशाच बसत नाहीत.

सूर जुळवणं

वारा पक्का झाल्यावर आणि रीड स्वच्छ झाल्यावरच. कमी वाऱ्यावर जुळवलेला ऑर्गन भाता दुरुस्त झाला की पुन्हा बेसूर वाटतो. मोबाइलवरच्या ट्यूनरने प्रत्येक सूर मोजून वहीत लिहा, एकही न घासता. जुने ऑर्गन बऱ्याचदा ४३५ च्या जवळपास (पाश्चात्य 'ए' सुराची सेकंदाला ४३५ कंपनं) बसवलेले असतात. हल्लीच्या ४४० पेक्षा ते सुमारे २० सेंट उतरे (सेंट म्हणजे लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग). सगळे सूर सारखेच उतरे असतील तर ऑर्गन सुरात आहे! त्याला तसाच ठेवा आणि गायकाला त्या पट्टीवर गाऊ द्या. ४४० ला न्यायचं म्हणून सगळ्या रीड घासणं म्हणजे त्या वाद्याची चोरी आहे, आणि घासलेलं पितळ परत येत नाही.

बाकीच्यांपासून पाच-सहा सेंटांहून जास्त हटलेल्या रीड तेवढ्या घ्या. जिभेखाली पातळ पितळी पत्रा आधाराला सरकवा. सूर चढवायचा तर टोकाकडे, उतरवायचा तर रिव्हेटजवळ, बारीक कानशीचे दोन-तीन हलके हात. रीड बोटांच्या उबेने गरम होते, म्हणून परत बसवण्यापूर्वी दोन मिनिटं थांबा, मग मोजा.

एक सापळा आहे. सेलेस्त नावाच्या स्टॉपची ओळ मुद्दाम मूळ ओळीपासून किंचित हटवलेली असते, दोन्ही मिळून आवाज लहरतो. ती "जुळवून" टाकली की तो स्टॉप मेला. व्हॉक्स ह्यूमाना स्टॉपला तर रीडच नसतात, वाऱ्यावर फिरणारा पंखा असतो. त्याच्या आसाच्या टोकाला घड्याळाच्या तेलाचा एक थेंब, आणि या सगळ्या वाद्यात तेल लागतं ते जवळजवळ इथेच.

ठेवणं आणि नेणं

बाहेरच्या भिंतीपासून हातभर दूर, खाली दोन लाकडी ठोकळे, वर सुती चादर. प्लॅस्टिक टाकलं तर आत बुरशी येते. आठवड्यातून दहा मिनिटं तरी सगळे स्टॉप उघडून वाजवा. भात्याचं कापड घडीवर चिरतं ते बंद पडून राहिल्याने. उंदीर पेडलच्या फटीतून शिरतो. जुन्या अमेरिकन कंपन्या उंदीर न शिरणारी पेडलं बनवून तसं त्यांच्यावर लिहीतही असत. आपल्या ऑर्गनला तशी नसतील तर वाजवून झाल्यावर पेडलपुढे बारीक जाळीची चौकट उभी करा. डांबराच्या गोळ्या कापडी पुरचुंडीत, लाकडाला न टेकता.

गणेशोत्सवात किंवा जत्रेच्या नाटकाला टेम्पोतून न्यायचा असेल तर चार माणसं घ्या आणि तळाला धरून उचला, पट्ट्यांखालच्या फळीला धरून नाही. पेडल मिटवून बांधा, स्टॉप सगळे आत, गुडघ्याने ढकलायच्या, आवाज कमी-जास्त करणाऱ्या पट्ट्या कापडाने गुंडाळा. ऑर्गन उभाच राहिला पाहिजे. आडवा केला की झडपांवरचा सगळा कचरा रीडमध्ये उतरतो. प्रयोगाच्या आदल्या दिवशी पोचेल असं बघा आणि रात्रभर त्या हवेत राहू द्या. सकाळी आधी नुसती पेडलं मारून पुन्हा तीच घड्याळाची परीक्षा करा, आणि किती सेकंद लागले ते तारखेसह वहीत लिहून ठेवा.